स्टिक वेल्डिंग शिकताना: यंत्र, रॉड, हाताची शिस्त आणि सुरक्षितता

वेल्डिंग शिकू पाहणाऱ्याचे लक्ष सुरुवातीला त्या डोळे दिपवणाऱ्या प्रकाशाकडे जाते. जोड मात्र त्या प्रकाशाच्या खाली, रॉडच्या टोकाशी तयार होणाऱ्या वितळलेल्या धातूच्या इवल्याशा डबक्यात घडत असतो. ते डबके किती रुंद आहे, दोन्ही तुकड्यांच्या कडा त्यात विरघळत आहेत की एकच, त्याच्या मागून वितळलेला स्लॅग, म्हणजे रॉडच्या लेपातून सुटणारी मळी, कसा सरकत येतो आहे, हे हेल्मेटच्या काचेतून नीट दिसू लागले की हात आपोआप सुधारू लागतो. यंत्राची निवड, रॉडची जाडी, हेल्मेटची काच, बसण्याची ढब आणि सुरक्षिततेची सगळी साधने यांचा उपयोग शेवटी यासाठीच आहे, की शिकणाऱ्याला त्या डबक्याकडे निर्धास्तपणे आणि स्थिर नजरेने पाहता यावे. भाजण्याची, शॉक बसण्याची किंवा डोळ्यांना इजा होण्याची धास्ती मनात असेल, तर नजर ठरत नाही आणि जोडही नीट येत नाही. म्हणून या लेखात सुरक्षितता आणि कौशल्य यांची फारकत केलेली नाही.

सुरुवात कोणत्या पद्धतीने करावी

वेल्डिंगच्या चार पद्धती सर्रास दिसतात. गॅस वेल्डिंगमध्ये ऑक्सिजन आणि ॲसिटिलीनची ज्योत वापरतात. मिग पद्धतीत यंत्रातून सतत पुढे येणारी बारीक तार वितळते आणि कार्बन डायऑक्साइड किंवा आर्गनमिश्रित वायू जोडाचे हवेपासून रक्षण करतो. टिग पद्धतीत न वितळणारा टंगस्टनचा इलेक्ट्रोड आणि आर्गन वायू वापरून अतिशय स्वच्छ जोड करता येतो, पण दोन्ही हातांचा मेळ साधायला वेळ लागतो. चौथी पद्धत म्हणजे स्टिक वेल्डिंग. हिच्यात लेप दिलेला रॉड होल्डरमध्ये धरून काम करतात.

माझ्या मते नवख्याने स्टिकपासून सुरुवात करावी. मिग हाताळायला सोपे वाटते हे खरे, पण त्यात वरून देखणी दिसणारी आणि आतून पत्र्याला धड न चिकटलेली रेघ, म्हणजे वितळून थिजलेल्या धातूची पट्टी, ओढणे फार सहज जमते. स्टिकमध्ये चूक लपत नाही. करंट कमी पडला तर रॉड चिकटतो, अंतर वाढले तर आर्क, म्हणजे रॉड आणि लोखंड यांमधली विजेची ज्योत, तुटतो, वेग चुकला तर रेघेचा आकारच ते सांगतो. शिवाय वायूच्या नळकांड्यांची जबाबदारी नसते आणि थोड्याफार वाऱ्यातही काम चालते. पुढील सर्व मार्गदर्शन स्टिक पद्धतीचे आणि साध्या माइल्ड स्टीलचे, म्हणजे कमी कार्बनच्या पोलादाचे आहे.

जोड तयार होताना काय घडते

रॉड आणि लोखंड यांच्यामध्ये दोन-तीन मिलीमीटरची फट असताना त्या फटीतल्या तापलेल्या वायूतून वीज वाहते, तिला आर्क म्हणतात. आर्क पेटलेला असताना विजेचा दाब (व्होल्टेज) अवघा २० ते ३० व्होल्ट असतो, पण प्रवाह शंभर अँपिअरच्या आसपास असतो आणि आर्कचे तापमान ५००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. माइल्ड स्टील साधारण १५०० अंशांना वितळते, त्यामुळे आर्कखाली आलेला धातू क्षणात पातळ होतो आणि रॉडची तारही वितळून त्यात मिसळते.

रॉडवरचा लेप इथे मोलाची कामगिरी बजावतो. वितळलेले लोखंड उघड्या हवेत राहिले, तर त्यात ऑक्सिजन आणि नायट्रोजन शिरून जोड ठिसूळ आणि सच्छिद्र होतो. लेप जळताना निघणारा वायू ही हवा दूर ठेवतो, आणि लेपातील खनिजे वितळून धातूवर स्लॅगचे आवरण तयार करतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उघड्या तारेने वेल्डिंग होत असे आणि जोडांचा भरवसा नसे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यांनी लेप दिलेला रॉड आणला आणि ही पद्धत खऱ्या अर्थाने कामाची झाली. म्हणूनच लेप तडकलेला, टवके उडालेला किंवा ओल लागलेला रॉड वापरू नये.

यंत्र

पूर्वीची ट्रान्सफॉर्मरची यंत्रे अवजड पण दणकट असत. आता बहुतेक शिकणारे हलके इन्व्हर्टर यंत्र घेतात, आणि ते योग्यच आहे, कारण त्यातून डीसी प्रवाह मिळतो, आर्क स्थिर राहतो आणि विजेचा वापरही कमी होतो. आर्क पेटवताना क्षणभर जास्त करंट देणारी ‘हॉट स्टार्ट’ आणि रॉड चिकटल्यास करंट पाडणारी ‘अँटी-स्टिक’ या सोयी असल्यास नवख्याला त्यांचा चांगला उपयोग होतो. काम थांबलेले असताना होल्डरवरील दाब कमी करणारी व्हीआरडी ही सोय असेल, तर ते यंत्र निवडण्याचे मोठे कारण मानावे.

यंत्रावर छापलेला सर्वांत मोठा अँपिअरचा आकडा पाहून निर्णय घेऊ नये. त्याच्याजवळ ड्यूटी सायकलची टक्केवारी असते, तीही पाहावी. ही टक्केवारी दहा मिनिटांच्या कालखंडावर मोजतात. १६० अँपिअरला ६० टक्के असे लिहिले असेल, तर त्या करंटवर दहा मिनिटांत सहा मिनिटे काम करून चार मिनिटे यंत्राला गार होऊ द्यावे लागते. २.५ आणि ३.१५ मिलीमीटरच्या रॉडने शिकायचे असेल, तर १३० अँपिअरपर्यंत निवांत चालणारे यंत्र पुरेसे होते.

यंत्राला दोन केबल असतात. एकीच्या टोकाला होल्डर आणि दुसरीच्या टोकाला जोडायच्या लोखंडाला लावायची पकड असते. ही पकड नेहमी वेल्डिंगच्या जागेजवळ, गंज आणि रंग खरवडून स्वच्छ केलेल्या धातूवर लावावी. ढिल्या पकडीमुळे आर्क अडखळतो आणि पकड तापते. या पकडीचे काम वेल्डिंगचा प्रवाह यंत्राकडे परत नेणे एवढेच आहे, शॉकपासून ती संरक्षण देत नाही. यंत्राच्या बॉडीला पुरवठ्याच्या बाजूने स्वतंत्र अर्थिंग हवेच, आणि गळती झाल्यास वीज तोडणारे उपकरण त्या वाहिनीवर असावे. एक्स्टेन्शन वापरायची वेळ आली, तर जाड तारेची घ्यावी आणि पूर्ण उलगडून ठेवावी, कारण गुंडाळलेली तार जास्त करंटला तापून वितळू शकते.

रॉड आणि करंट

शिकण्यासाठी ई-६०१३ हा रुटाइल (टायटॅनियमयुक्त खनिज) लेपाचा रॉड सर्वांत सोयीचा आहे. त्याचा आर्क सहज पेटतो, स्लॅग सुटून येतो आणि तो एसी व डीसी दोन्हींवर चालतो. या क्रमांकातील ६० हा आकडा जोडलेल्या धातूची ताणशक्ती दर चौरस इंचाला किमान ६०,००० पौंड असल्याचे सांगतो. पुढचा १ म्हणजे सपाट, उभ्या, डोक्यावरच्या अशा सर्व स्थितींत वापरता येणारा, आणि शेवटचा अंक लेपाचा व प्रवाहाचा प्रकार दाखवतो. ई-७०१८ हा कमी हायड्रोजनचा, अधिक मजबूत जोड देणारा रॉड आहे. परंतु त्याच्या लेपाने ओल शोषली तर जोडात हायड्रोजन शिरून नंतर तडे जाऊ शकतात, म्हणून तो बंद डब्यात किंवा गरम ओव्हनमध्ये ठेवतात. हात बसल्यावर त्याच्याकडे वळावे.

रॉडचा आकार म्हणजे आतल्या तारेचा व्यास. २.५ मिलीमीटरच्या ई-६०१३ ला साधारण ६० ते ९० अँपिअर, ३.१५ ला ९० ते १३० आणि ४ मिलीमीटरला १४० ते १८० अँपिअर लागतात. नेमकी मर्यादा रॉडच्या पुडक्यावर छापलेली असते आणि शेवटचा शब्द तिचाच. पाच-सहा मिलीमीटर जाडीच्या पट्टीवर ३.१५ चा रॉड ११० अँपिअरला लावून सुरुवात करावी आणि रेघ पाहून पाच-पाच अँपिअरने वरखाली करावे. दोन मिलीमीटरहून पातळ पत्र्यावर शिकायला बसू नये, कारण तिथे भोके पडतात आणि शिकणारा हिरमुसतो.

डोळे आणि त्वचा

आर्कमधून अतिनील किरण मोठ्या प्रमाणात निघतात. उघड्या डोळ्यांनी काही सेकंद जरी आर्क पाहिला, तरी डोळ्याच्या पारदर्शक पडद्याला इजा होऊ शकते. या इजेचा फसवेपणा असा, की त्या वेळी काहीच जाणवत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागते, पाणी वाहते आणि प्रकाश सहन होत नाही. हा त्रास साधारण एक-दोन दिवसांत ओसरतो, पण डोळे चोळू नयेत, त्यात घरगुती काहीही घालू नये आणि डॉक्टरांना दाखवावे.

हाताने धरायच्या काचेपेक्षा डोक्यावर बसणारे हेल्मेट घ्यावे, म्हणजे दुसरा हात रॉडवाल्या हाताला आधार द्यायला मोकळा राहतो. या लेखात सांगितलेल्या करंटसाठी १० क्रमांकाची काच योग्य आहे. १५० अँपिअरच्या पुढे ११ किंवा १२ लावावी. आपोआप काळी होणारी काच नवख्यासाठी फार उपयोगी आहे, कारण आर्क पेटण्याआधी रॉडचे टोक कुठे आहे ते दिसते. चांगल्या प्रतीची अशी काच काळी झालेली नसतानाही अतिनील आणि अवरक्त किरण अडवते. गॉगल किंवा रस्त्यावर मिळणारी काळी काच या कामाला चालत नाही. गॅस वेल्डिंगसाठीचा ५ क्रमांकाचा चष्माही आर्कसमोर अपुरा आहे.

हेल्मेटच्या आत साधा पारदर्शक सुरक्षा चष्मा सतत असावा. स्लॅग फोडताना हेल्मेट वर केलेले असते, आणि गरम स्लॅगचा तुकडा नेमका त्याच वेळी उडतो. आजूबाजूच्या माणसांचाही विचार करावा. आर्क पेटवण्यापूर्वी ‘डोळे’ असे मोठ्याने सांगण्याची सवय लावावी, कामाच्या जागेभोवती ज्वालारोधक पडदा लावावा आणि मुलांना तिथे येऊ देऊ नये.

कपडे जाड सुती असावेत. पॉलिस्टर किंवा नायलॉन ठिणगीने वितळून कातडीला चिकटतो आणि भाजणे खोलवर जाते. बाह्या पूर्ण लांबीच्या, गळ्याचे बटण लावलेले, पँटची टोके न दुमडलेली आणि बुटांच्या बाहेरून आलेली असावीत, कारण दुमडलेल्या कपड्यात आणि उघड्या खिशात ठिणग्या साठतात. खिशात लायटर किंवा काडेपेटी अजिबात ठेवू नये. हातमोजे चामड्याचे आणि कोरडे हवेत, बूट चामड्याचे आणि घोट्याच्या वर येणारे, आणि पुढे चामड्याचा ॲप्रन असावा. उघडी राहिलेली कातडी उन्हात भाजल्यासारखी लाल होते, आणि हे अर्ध्या तासाच्या सरावातही घडते.

धूर

या धोक्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, २०१७ साली वेल्डिंगच्या धुराला मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. रोज काम करणाऱ्यालाच नव्हे, शिकणाऱ्यालाही पहिल्या दिवसापासून हवेची काळजी घ्यायला हवी. डोके धुराच्या लोटात येणार नाही असे बाजूला ठेवावे. वारा पाठीमागून आला तर धूर छातीसमोर घोटाळत राहतो, म्हणून तो एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूला जाईल असे बसावे. बंद खोलीत धूर ओढून घेणारी व्यवस्था हवी, आणि ती असूनही धूर जाणवत असेल तर वेल्डिंगच्या धुरासाठी बनवलेला, सूक्ष्म कण अडवणारा मास्क हेल्मेटखाली लावावा. साध्या कापडी रुमालाने हे कण अडत नाहीत.

दोन गोष्टी शिकणाऱ्याने पूर्णपणे टाळाव्यात. पहिली म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले गॅल्व्हनाइज्ड लोखंड. जस्त ९०७ अंशांना उकळते, म्हणजे लोखंड वितळण्याच्या कितीतरी आधी त्याची वाफ होते. ती श्वासात गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप येतो आणि अंग मोडून निघते. असे लोखंड जोडणे भागच असेल, तर जोडाच्या दोन्ही बाजूंचा मुलामा पाच सेंटीमीटरपर्यंत काढून टाकावा, तोही मास्क लावून, आणि उघड्या हवेत काम करावे. दुसरी गोष्ट म्हणजे क्लोरीनयुक्त द्रवाने, उदाहरणार्थ काही ब्रेक क्लीनरनी, पुसलेला धातू. आर्कच्या उष्णतेने आणि अतिनील किरणांनी त्या द्रवाच्या अवशेषातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. डब्यावरचे घटक वाचल्याशिवाय कोणताही द्रव लोखंड पुसायला घेऊ नये.

वीज आणि आग

आर्क पेटलेला नसताना होल्डरच्या टोकाशी सामान्यतः ५० ते ८० व्होल्ट असतात. कोरडी कातडी आणि कोरडे हातमोजे असताना हा दाब सहसा जाणवत नाही, म्हणून माणूस बेफिकीर होतो. घामाने भिजलेले हातमोजे, ओली फरशी किंवा लोखंडावरच बसून केलेले काम यांमुळे हाच दाब जिवावर बेतू शकतो. कोरड्या लाकडी फळीवर किंवा रबरी मॅटवर उभे राहावे, पावसात काम करू नये, रॉड मोजा घातलेल्या हातानेच बदलावा आणि होल्डर कधीही काखेत धरू नये. केबल अंगाभोवती किंवा खांद्याभोवती गुंडाळू नये. पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने डॉक्टरांना विचारल्याशिवाय वेल्डिंग करू नये आणि चालू यंत्राजवळ थांबूही नये.

ठिणग्या वाटतात त्यापेक्षा फार दूर जातात. जवळपास ११ मीटरच्या परिघातले कागद, लाकूड, तेल, रंग, कपडे आणि भुसा हलवावा. हलवता येत नसेल ते ज्वालारोधक कापडाने झाकावे. भिंतीला किंवा पत्र्याला वेल्डिंग करायचे असेल, तर पलीकडच्या बाजूला काय आहे ते आधी जाऊन पाहावे, कारण उष्णता लोखंडातून पलीकडे पोहोचते. अग्निशामक नळकांडे हाताशी ठेवावे. काम संपल्यावर निदान अर्धा तास, आणि आसपास लाकूडकाम असेल तर तासभर, त्या जागेवर लक्ष ठेवावे. फटीत शिरलेली ठिणगी आधी धुमसते आणि माणसे निघून गेल्यावर पेट घेते.

रिकामा ड्रम, इंधनाची टाकी किंवा ज्यात पूर्वी काय होते ते माहीत नाही असे कोणतेही पिंप वेल्डिंगला घेऊ नये. आत द्रव उरला नसला तरी वाफ उरते, आणि तीच स्फोट घडवते. पाण्याने धुतले म्हणून ते सुरक्षित होत नाही. दोन्ही टोके बंद असलेला पोकळ पाइपही तापल्यावर आतल्या हवेच्या आणि ओलाव्याच्या दाबाने फुटू शकतो, म्हणून आधी त्याला वाट करून देणारे भोक पाडावे.

लोखंडाची तयारी

जोडाच्या जागेवरचा गंज, रंग, तेल आणि ग्रीस काढून दोन्ही बाजूंना दोन-तीन सेंटीमीटर चकचकीत धातू दिसेपर्यंत ग्राइंडर किंवा वायर ब्रश चालवावा. ग्राइंडरचे गार्ड काढू नये, आणि चकतीवर लिहिलेला कमाल वेग ग्राइंडरच्या वेगाइतका किंवा त्याहून जास्त असल्याची खात्री करावी. घाण राहिली तर ती वायू होऊन धातूत अडकते आणि जोडात छिद्रे पडतात. वाईट दिसणाऱ्या रेघेसाठी शिकणारे हाताला दोष देतात, पण पुष्कळदा दोष या तयारीतच असतो.

आर्क पेटवणे

सुरुवातीला जोड करायला बसू नये. साधारण १५० मिलीमीटर लांबीची, सहा मिलीमीटर जाडीची पट्टी टेबलावर सपाट ठेवावी, पकड तिलाच लावावी आणि यंत्र बंद असतानाच बसण्याची जागा ठरवावी. कोपर टेबलाला किंवा बरगड्यांना टेकलेले असावे, केबलचे वजन मनगटावर येऊ नये आणि रॉड पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हात न अडखळता जातो की नाही, हे बंद यंत्रावर दोन-तीनदा फिरवून पाहावे. डाव्या हाताची बोटे उजव्या मनगटाला टेकवली की टोकाची थरथर बरीच कमी होते.

मग यंत्र चालू करून रॉडचे टोक काडेपेटीवर काडी ओढावी तसे पट्टीवर हलकेच ओढावे आणि आर्क पेटताच दोन-तीन मिलीमीटर उचलून स्थिर धरावे. ओरखडा त्याच जागी ओढावा जिथे पुढे रेघ येणार आहे, नाहीतर पट्टीवर खुणा राहतात. रॉड चिकटला तर मनगटाला झटका देऊन बाजूला वाकवत सोडवावा. सुटलाच नाही, तर होल्डरची पकड दाबून रॉड सोडून द्यावा आणि यंत्र बंद करावे. चिकटलेला रॉड लाल होईपर्यंत ओढत बसू नये. आर्क पेटवणे आणि तोडणे हे दोनच व्यायाम रॉड संपेपर्यंत करावेत. घाई इथेच नडते.

सरळ रेघ ओढणे

आता पट्टीवर खडूने सरळ रेषा आखाव्यात. उजव्या हाताने काम करणाऱ्याने डावीकडून उजवीकडे जावे. रॉड समोरून पाहता पट्टीला काटकोनात असावा आणि त्याचे वरचे टोक जाण्याच्या दिशेने दहा-पंधरा अंश झुकलेले असावे, म्हणजे खालचे टोक मागे, डबक्याकडे रोखलेले राहते आणि स्लॅग पुढे घुसत नाही. रॉडच्या टोकापासून लोखंडाचे अंतर तारेच्या व्यासाइतके, म्हणजे ३.१५ च्या रॉडला जेमतेम तीन मिलीमीटर ठेवावे. रॉड जळत आखूड होत जातो, त्यामुळे पुढे सरकत असतानाच हात सतत खाली येत राहिला पाहिजे. हा दुहेरी वेग साधणे हाच नवख्याचा मुख्य अभ्यास आहे.

काचेतून पाहताना आर्कच्या लखलखाटावरून नजर हटवून त्याच्या लगेच मागे आणावी. तिथे गोलसर, हलणारे डबके दिसेल आणि त्याच्या मागच्या कडेला स्लॅगचा वेगळ्या पोताचा थर सरकत येताना दिसेल. डबक्याची रुंदी रॉडच्या तारेच्या दोन ते अडीच पट राहील इतक्याच वेगाने पुढे जावे. स्लॅग आर्कच्या पुढे येऊ पाहत असेल, तर अंतर कमी करावे, रॉडचा झुकाव थोडा वाढवावा किंवा किंचित भरभर जावे. आवाजाकडेही कान द्यावा. अंतर योग्य असते तेव्हा तडतड एकसारखी आणि दाट येते. अंतर वाढले की फुसफुस होते आणि ठिणग्या वाढतात. रॉड डावीउजवीकडे झुलवण्याचा मोह सुरुवातीला टाळावा. सरळ, अरुंद रेघ नीट येईपर्यंत झुलवणे शिकण्यात अर्थ नाही.

रेघ संपवताना रॉड एकदम उचलला तर टोकाला खड्डा राहतो आणि तिथून तडा सुरू होऊ शकतो. शेवटी क्षणभर थांबून थोडे मागे येऊन आर्क तोडावा. रॉडचा साधारण ५० मिलीमीटरचा तुकडा उरला की तो धातूच्या डब्यात टाकावा, जमिनीवर नाही. तो पायाखाली गोल फिरतो आणि बुटाचा तळ जाळण्याइतका गरम असतो. स्लॅगचा लालपणा गेल्यावर चष्मा डोळ्यांवर ठेवूनच, चिपिंग हातोडीने अंगापासून दूर ठोकत तो काढावा आणि वायर ब्रशने रेघ साफ करावी.

रेघ वाचणे

साफ केलेली रेघ उजेडात धरून पाहावी. रेघ उंच, अरुंद, दोरीसारखी वर बसलेली आणि कडांना न विरघळलेली असेल, तर करंट कमी आहे. ती पसरट, कडांना चर पडलेली आणि भोवती ठिणग्यांचे मणी चिकटलेले असतील, तर करंट जास्त आहे किंवा आर्क लांब धरला गेला आहे. कडेच्या या चरामुळे लोखंडाची जाडी तिथेच कमी होते, म्हणून तो दिसायला किरकोळ वाटला तरी गंभीर मानावा. तरंगांची टोके अणकुचीदार असतील, तर हात भरभर गेला. रेघ रुंद आणि ढिगासारखी असेल, तर हात रेंगाळला. टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसली, तर घाण, ओला रॉड किंवा लांब आर्क यांपैकी एक कारण निश्चित शोधावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. करंट, वेग आणि अंतर एकदमच बदलले तर कशाने सुधारले ते कळत नाही.

पहिला जोड आणि त्याची परीक्षा

पहिला जोड उलट्या ‘टी’चा करावा. एक पट्टी आडवी ठेवून दुसरी तिच्यावर काटकोनात उभी करावी, गुण्याने कोन तपासावा आणि दोन्ही टोकांना छोटे टॅक, म्हणजे तुकडे जागेवर धरून ठेवणारे वेल्डिंगचे ठिपके, मारावेत. थंड होताना जोडातला धातू आकसतो आणि उभी पट्टी रेघेच्या बाजूला ओढतो, म्हणून टॅक रेघेच्या विरुद्ध बाजूलाही मारावेत किंवा पट्टी दुसऱ्या बाजूला एखादा अंश कललेली ठेवावी. लांब कामात एकाच टोकाकडून सलग रेघ ओढण्याऐवजी तुकड्या-तुकड्याने, जागा बदलत वेल्डिंग केल्यास वाकणे पुष्कळ आटोक्यात राहते. रॉड दोन्ही पट्ट्यांच्या मधोमध, ४५ अंशांत धरावा आणि डबक्याने दोन्ही पट्ट्या सारख्या पकडल्या आहेत याकडे लक्ष द्यावे.

पूर्ण गार झाल्यावर हा जोड मुद्दाम तोडून पाहावा. या परीक्षेसाठी रेघ एकाच बाजूला ठेवावी आणि विरुद्ध बाजूचे टॅक घासून काढावेत. आडवी पट्टी शेगड्यात पक्की धरून उभी पट्टी रेघेच्या दिशेने, म्हणजे जोडाचे मूळ (आतला कोपरा) उघडेल अशी, हातोड्याने पाडावी. आतील कोपऱ्याची मूळ रेषा तुटलेल्या भागात अजून सरळ, धारदार दिसत असेल, तर वितळलेला धातू मुळापर्यंत पोहोचलाच नव्हता. तिथे काळ्या चकाकत्या रेषा असतील, तर तो अडकलेला स्लॅग आहे. मूळ कोपरा पूर्ण नाहीसा होऊन तुटलेला भाग करड्या, दाणेदार धातूचा दिसला, किंवा जोड न तुटता पट्टीच वाकली, तर तो जोड खरा. वरून सुबक दिसणाऱ्या कितीतरी रेघा या परीक्षेत उघड्या पडतात, आणि शिकणाऱ्याने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे फार गरजेचे आहे.

यानंतर एकावर एक पट्टी ठेवून केलेला लॅप जोड, मग समोरासमोर ठेवलेला बट जोड घ्यावा. तीन मिलीमीटरपर्यंतच्या पट्ट्यांना दीड-दोन मिलीमीटरची फट ठेवून बट जोड करता येतो. सहा मिलीमीटर आणि पुढच्या जाडीला कडा तिरप्या घासून एकूण ६० अंशांची खाच करावी लागते आणि थरावर थर द्यावे लागतात. प्रत्येक थरानंतर स्लॅग पूर्ण काढावा. उभ्या आणि डोक्यावरच्या स्थितीतले काम सपाट स्थितीत हात बसल्यानंतरच सुरू करावे, कारण तिथे वितळलेला धातू खाली ओघळतो आणि ठिणग्या थेट अंगावर येतात.

टेबल, स्टँड, झाडाच्या कुंडीची चौकट अशी कामे नवख्याने खुशाल करावीत. वाहनाची चॅसी आणि स्टिअरिंगचे भाग, दाब सहन करणारी टाकी, गॅसची पाइपलाइन, उचलण्याचे हूक, जिन्याचे कठडे आणि इमारतीचे आधार मात्र चाचणी उत्तीर्ण झालेल्या वेल्डरवर सोपवावेत.